हाताची परीक्षा : प्रसाविका-प्रशिक्षणाच्या गुणवत्तेचा प्रश्न

(वडनेर भोलजी, जिल्हा बुलडाणा येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

बाळंतपण घरातून दवाखान्यात आले, ही महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनातील गेल्या दोन-तीन दशकांतली फार मोठी घटना आहे आणि तिच्याविषयी लिहिले-बोलले मात्र फार थोडे गेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2005-06 मध्ये राज्यातील 64.6 टक्के प्रसूती दवाखान्यात होत होत्या. 2015-16 मध्ये हे प्रमाण 90.3 टक्क्यांवर आणि 2019-21 मध्ये 94.7 टक्क्यांवर गेले. दर लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावतात हे सांगणारा जो आकडा, त्याला मातामृत्यू प्रमाण म्हणतात. 2018-20 या काळात ते देशात 97 आणि महाराष्ट्रात 33 होते. या आकड्यांचे समाधान वाटणे योग्यच आहे, कारण त्यांच्यामागे 2005 सालच्या जननी सुरक्षा योजनेपासून गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांच्या पायपिटीपर्यंत बरेच कष्ट आहेत. परंतु या सगळ्या आकड्यांतून बाळंतिणीची बाज कोठे हलली एवढेच कळते. त्या बाजेपाशी उभी असलेली बाई काय शिकून आली आहे, तिला कोणी शिकवले आणि तिच्या हाताची परीक्षा कोणी घेतली, याचे उत्तर त्यांत मिळत नाही, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा विषय नेमका तोच आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. सुईण किंवा दाई म्हणजे गावात परंपरेने बाळंतपण करणारी स्त्री, जिचे ज्ञान सासूकडून किंवा आईकडून, पाहून आणि करून आलेले असते. प्रसाविका म्हणजे ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करून, परीक्षा देऊन आणि परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवून गरोदरपण, प्रसूती आणि त्यानंतरचे दिवस यांची जबाबदारी घेणारी व्यावसायिक स्त्री. आपल्याकडे हे काम स्वतंत्र व्यवसाय म्हणून फारसे वाढले नाही. ते परिचारिकेच्या कामात मिसळले गेले, आणि म्हणून खेड्यातील लोक जिला ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’ म्हणतात ती बहुधा एएनएम, म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, अथवा जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसाविका अभ्यासक्रम केलेली असते. दोन्ही नावांत ‘प्रसाविका’ हा शब्द शेवटी येतो. शिक्षणातही त्याची जागा अनेकदा शेवटचीच राहिली, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

वडनेर भोलजीसारख्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न अंतराचा आणि वेळेचा आहे. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर, मलकापूर आणि नांदुरा यांच्या मध्ये असलेल्या या गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रातून अडलेली बाळंतीण पुढे पाठवायची तर नांदुरा किंवा मलकापूर, तेथून खामगाव किंवा बुलडाणा, आणि प्रसंग फारच बिकट असेल तर अकोला, असा तो प्रवास असतो. महामार्गामुळे येथील स्थिती सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यांतील पाड्यांहून निश्चितच बरी आहे. तरीही कोणती बाई पुढे पाठवायची, कधी पाठवायची आणि गाडी येईपर्यंत तिच्यासाठी काय करायचे, हे ठरवणारी व्यक्ती पहाटे तीन वाजता बहुधा एकटी प्रसाविकाच असते. प्रशिक्षणाची गुणवत्ता म्हणजे त्या वेळी तिला किती आठवते, आणि त्याहून अधिक, तिच्या हाताला किती आठवते.

वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही जुन्या माणसांच्या तोंडी ‘डफरीन’च आहे, आणि त्या नावामागे 1885 साली स्थापन झालेला लेडी डफरीन यांचा निधी आहे, ज्याचा हेतू हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर, परिचारिका आणि प्रसाविका यांच्याकडून उपचार मिळावेत हा होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1886 मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. म्हणजे पहिल्या मराठी स्त्री-डॉक्टरने प्रबंधासाठी बाळंतपणच निवडले. 1903 साली लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभारला तो मुख्यतः गावच्या दायांना शिकवण्यासाठी. 1909 मध्ये पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सेवासदनाने मराठी घरांतील स्त्रियांना, त्यांतही विधवांना, परिचर्या आणि प्रसूतिकार्याच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवण्याचे धाडस केले. सेवासदनाची ही वाट अधिक फलदायी ठरली, आणि तिचे कारण उघड आहे: तेथील विद्यार्थिनी रुग्णालयात राहून, वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर, एकामागून एक प्रसूती पाहत आणि करत असत. दाईला चार व्याख्याने देऊन तिच्या गावी परत पाठवले की तिच्यावर नजर ठेवणारे कोणीच उरत नसे.

इंग्लंडमध्ये 1902 साली प्रसाविका कायदा झाला, तेव्हा परवान्यासाठी सुरुवातीला तीनच महिन्यांचे शिक्षण आणि 20 प्रसूती अशी अट होती. पुढे शिक्षणाचा काळ टप्प्याटप्प्याने वाढत गेला. प्रसूतींची संख्या ठरवून देण्यामागचा विचार साधा होता, की एका बाळंतपणात जे घडते ते दुसऱ्यात घडतेच असे नाही आणि पुरेशी बाळंतपणे पाहिल्याशिवाय सरळ काय आणि वाकडे काय हे ओळखता येत नाही. आज युरोपीय संघाच्या नियमांत प्रत्येक विद्यार्थिनीने स्वतः किमान 40 प्रसूती केल्या पाहिजेत अशी अट आहे, आणि पुरेशा प्रसूतीच मिळत नसतील तर ती 30 पर्यंत कमी करता येते, मात्र तिने आणखी 20 प्रसूतींत साहाय्य केले असेल तरच. भारतीय परिचर्या परिषदेने जीएनएमच्या विद्यार्थिनीसाठी 20 सामान्य प्रसूतींची अपेक्षा ठेवली आहे.

भारतात 1946 साली भोर समितीने जी पाहणी मांडली तिच्यानुसार सुमारे 60,000 लोकसंख्येमागे एक प्रसाविका होती, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी स्वातंत्र्यानंतर एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. आरंभीची एएनएम ही खरोखरच प्रसाविका होती. कर्तारसिंग समितीच्या 1973 च्या शिफारशींनंतर ती ‘बहुउद्देशीय कार्यकर्ती’ झाली, 1977 मध्ये तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणला गेला, आणि कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे, लसीकरण, नोंदवह्या व सर्वेक्षणे यांच्या गर्दीत तिचे मूळ काम बाजूला पडले. त्याच 1977 मध्ये गावच्या दायांसाठी 30 कामकाजी दिवसांचे प्रशिक्षण आणि 300 रुपये विद्यावेतन अशी योजना आली, ज्यात देखरेखीखाली किमान दोन प्रसूती करणे अपेक्षित होते. एकाच वर्षी प्रशिक्षित प्रसाविकेचे शिक्षण कमी करायचे आणि अप्रशिक्षित दाईला महिनाभरात शिकवायचे, या दोन निर्णयांना एकत्र पाहिले की त्या काळच्या धोरणाचा गोंधळ लक्षात येतो. पुढे 2012 मध्ये एएनएमचा अभ्यासक्रम, सहा महिन्यांच्या आंतरवासितेसह, पुन्हा दोन वर्षांचा करण्यात आला. मधल्या 35 वर्षांत ज्या शिकल्या त्यांतल्या अनेक आजही सेवेत आहेत.

येथे थोडा हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. एखाद्या परिचर्या विद्यालयाच्या एका तुकडीत 40 विद्यार्थिनी आहेत असे धरले आणि प्रत्येकीने 20 प्रसूती स्वतःच्या हाताने कराव्यात असे म्हटले, तर त्या एका तुकडीसाठी 800 सामान्य प्रसूती लागतात, आणि त्या प्रत्येक वेळी शेजारी शिकवणारी बाई उभी असावी लागते. शेजारी दुसरे विद्यालय असेल तर हा आकडा दुप्पट होतो. दुसरीकडे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचा जन्मदर हजारी 15 च्या आसपास आला आहे, म्हणजे 30,000 लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साऱ्या क्षेत्रात वर्षाला साधारण 450 बालके जन्माला येतात, आणि त्यांतील कित्येक खासगी दवाखान्यांत किंवा मोठ्या रुग्णालयांत. जन्मदर घटला ही चांगलीच गोष्ट आहे; परंतु शिकण्यासाठी लागणारी प्रसूती ही आता टंचाईची वस्तू झाली आहे, हे शिक्षणाची आखणी करणाऱ्यांनी मान्य केलेले दिसत नाही. त्यातच राज्यातील चारपैकी एक प्रसूती, 2019-21 च्या सर्वेक्षणानुसार नेमके सांगायचे तर 25.4 टक्के, शस्त्रक्रियेने होत होती, आणि तेथे प्रसाविका-विद्यार्थिनीला शिकण्यासारखे फार थोडे असते.

बुलडाण्याच्या बाबतीत या टंचाईला एक नवे परिमाण मिळाले आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली त्यांत बुलडाण्याचे आहे. जिल्ह्याने त्याची वाट दीर्घकाळ पाहिली आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र जेथे वैद्यकीय विद्यार्थी येतात तेथे प्रसूतिकक्षातील पहिला हक्क त्यांचा मानला जातो, दुसरा आंतरवासितांचा, आणि परिचर्येच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला ट्रे मांडणे, चादरी बदलणे आणि नोंदी लिहिणे येते, असा इतरत्रचा सर्वसाधारण अनुभव आहे. प्रसूतिकक्षातील खाटा कोणाच्या शिक्षणासाठी आणि किती, याची लेखी वाटणी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांतच झाली तर होईल. एकदा रूढी पडल्यावर ती मोडणे कोणत्याही अधिष्ठात्याला अवघड जाईल.

प्रसूती कमी पडल्या की त्यांची जागा कागद घेतो. प्रत्येक विद्यार्थिनीकडे अनुभव-नोंदवही असते, ज्यात तिने केलेल्या प्रसूतींची नोंद व शिक्षिकेची सही असावी लागते. पाच मुली एका बाजेभोवती उभ्या राहिल्या, एकीने हात लावला आणि पाचही वह्यांत ‘केली’ असे लिहिले गेले, तर कागदावर पाच प्रसूती होतात. यात विद्यार्थिनींना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही, कारण जी गोष्ट उपलब्धच नाही तिची अट घालून परीक्षेला बसू न देण्याची धमकी दिली की खोटी नोंद ही शिस्तीचाच भाग होऊन बसते.

हीच गोष्ट पार्टोग्राफच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. पार्टोग्राफ म्हणजे कळा सुरू झाल्यापासून गर्भाशयमुख किती उघडले, बाळाचे डोके किती खाली आले, बाळाच्या हृदयाचे ठोके आणि आईची नाडी व रक्तदाब कसे आहेत, हे तासागणिक एका आलेखावर मांडण्याची रीत. 1972 च्या सुमारास तेव्हाच्या ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तो मुख्यतः दूरच्या केंद्रांतील प्रसाविकांसाठी तयार केला, आणि त्यात दोन तिरप्या रेषा घातल्या: पहिली ओलांडली की सावध व्हायचे, चार तासांनी येणारी दुसरी ओलांडण्यापूर्वी हालचाल करायची. जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियातील 35,484 स्त्रियांच्या प्रसूतींत तो वापरून पाहिला, तेव्हा लांबलेल्या प्रसूतींचे प्रमाण 6.4 वरून 3.4 टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. कागदाच्या एका पानाने एवढे साधते, पण ते पान कळांबरोबर भरले गेले तरच. बाळ जन्मल्यावर, नाळ बांधून, वार पडल्यावर, सगळे शांत झाले की बसून एका दमात काढलेला सुबक आलेख ही आपल्या व्यवस्थेची ओळखीची कलाकृती आहे. तो आलेख तपासणीला उत्तम दिसतो, आणि ज्या बाईसाठी तो होता तिला त्याचा काडीचा उपयोग झालेला नसतो. आलेख कसा काढायचा हे विद्यालयात शिकवले जाते; तो पाहून रात्री डॉक्टरांना उठवण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे फारसे शिकवले जात नाही.

याउलट, नीट शिकवलेली एएनएम काय करू शकते याचा एक भक्कम पुरावा मराठी वाचकाच्या अगदी उंबरठ्यावर, बेळगाव जिल्ह्यात मिळतो. बाळंतपणानंतर 500 मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाणे याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात, आणि माता दगावण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. 2002 ते 2005 या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात एक चाचणी केली, जिच्यात 1,620 स्त्रियांच्या प्रसूती गावपातळीवरच्या एएनएमनीच केल्या आणि निम्म्या स्त्रियांना प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉल हे गोळीचे औषध दिले. औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाचे प्रमाण 6.4 टक्के आणि न मिळालेल्यांत 12 टक्के आढळले. हा निष्कर्ष औषधाविषयीचा म्हणून जगभर गाजला. प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे: बाळंतिणीच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी पसरून किती रक्त गेले हे त्या एएनएमनी दर वेळी मोजले. डोळ्यांच्या अंदाजाने रक्त नेहमी कमीच वाटते. पिशवी स्वस्त आहे, पण ती वापरण्याची सवय शिकवावी लागते, आणि त्या चाचणीत ती शिकवली गेली, तपासली गेली आणि टिकवली गेली.

टिकवणे हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. सेवेत असलेल्या परिचारिकांसाठी शासनाने ‘कुशल प्रसूती साहाय्य’ नावाचे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण आखले, पुढे ‘दक्षता’ आणि ‘लक्ष्य’ हे उपक्रम आले, आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु उत्तर प्रदेशातील 120 केंद्रांत झालेल्या ‘बेटरबर्थ’ या मोठ्या अभ्यासाचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचारात घेण्यासारखे आहेत. तेथे प्रसूतीच्या वेळच्या आवश्यक कृतींची तपासयादी वापरण्यासाठी प्रसाविकांच्या शेजारी काही महिने मार्गदर्शक उभे केले, तेव्हा दोन महिन्यांनंतर सरासरी 72.8 टक्के कृती केल्या जात होत्या, तर मार्गदर्शक नसलेल्या केंद्रांत 41.7 टक्के. बारा महिन्यांनंतर, मार्गदर्शन थांबल्यावर, पहिला आकडा 61.7 वर घसरला. आणि एवढे करूनही माता व बालकांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. यादी पाळणे आणि अडचणीतून बाई सोडवणे या दोन वेगळ्या कला आहेत, हा त्या अभ्यासाचा कठोर धडा आहे.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटवले, हे 1999 मध्ये जगापुढे आले. ते काम प्रसाविकेचे नव्हते, तरी तिच्या शिक्षणाला लागू पडणारे एक तत्त्व त्यात आहे. त्या स्त्रियांचे शिक्षण किती दिवसांचे होते यापेक्षा, शिकवणारी माणसे त्यांच्या गावी ठरलेल्या अंतराने जात राहिली आणि चूक झाली तर तेथेच दुरुस्त करत राहिली, यात त्या यशाचे रहस्य अधिक आहे. श्रीलंकेतही हेच दिसते, जेथे दीड वर्ष शिकलेली सार्वजनिक आरोग्य प्रसाविका सुमारे 3,000 लोकसंख्या सांभाळते, तिच्यावर पर्यवेक्षिकेची नियमित नजर असते, आणि प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते.

आता कायदाही बदलला आहे. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाची जागा घेण्यासाठी 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत झाला. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी परिचर्येची पदवी अथवा पदविका आणि अनुभव असलेल्या स्त्रियांसाठी दीड वर्षाचा स्वतंत्र प्रसाविका अभ्यासक्रम आखला, ज्याचा आरंभ तेलंगणात करीमनगर येथे 2017 मध्येच झाला होता. पण आजवर आपल्याकडे गुणवत्ता म्हणजे संस्थेची तपासणी असे समीकरण झाले आहे: इमारत किती चौरस फूट, ग्रंथालयात पुस्तके किती, शिक्षिका कागदावर किती. विद्यार्थिनीच्या हाताची परीक्षा मात्र बऱ्याचदा बाहुलीवर आणि पाठ केलेल्या उत्तरांवर उरकते. शिक्षिकेचीही तीच गत आहे. जिने गेल्या पाच वर्षांत स्वतः एकही प्रसूती केलेली नाही ती प्रसूती शिकवते, आणि हे कोणाला खटकत नाही. पोहणे विसरलेल्या माणसाकडे आपण मुले पोहायला पाठवत नाही. वर्षातून निदान काही आठवडे शिक्षिकेने प्रसूतिकक्षात काम केल्याशिवाय तिची नोंदणी पुढे चालू राहू नये, एवढा एक नियम आयोगाने केला तरी बाकीच्या शंभर निकषांपेक्षा अधिक फरक पडेल.

बाळंतिणीशी बोलण्याचा प्रश्नही कौशल्याचाच आहे, सौजन्याचा नव्हे. कळा देणाऱ्या बाईवर ओरडले, तिला एकटे सोडले, तिची वऱ्हाडी किंवा सातपुड्यातल्या बाईची कोरकू समजून घेतली नाही, तर ती आपले दुखणे सांगत नाही, आणि जे सांगितले जात नाही ते आलेखावर येत नाही. जुन्या सुईणीकडे निर्जंतुक हातमोजे नव्हते, परंतु बाईच्या पाठीवरून हात फिरवत तिला बोलते ठेवण्याची जाण तिच्याकडे होती; प्रशिक्षित प्रसाविकेने ती घेतली असती तर काही बिघडले नसते.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यावर गावचे प्रतिनिधी असतात, आणि तिच्या सभांत बहुधा रंगरंगोटी, पाण्याची टाकी आणि खर्चाची मंजुरी हेच विषय येतात. वडनेरच्या सभासदांना विनंती एवढीच, की पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आणखी दोन प्रश्न लिहावेत: आपल्या केंद्रातील प्रत्येक प्रसाविकेने गेल्या सहा महिन्यांत स्वतःच्या हाताने किती प्रसूती केल्या, आणि तिच्या शेजारी उभे राहून तिचे काम शेवटचे कोणी आणि केव्हा पाहिले? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत, आणि सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.